थोरल्या दातवाल्यांची दाढ

दात कधीही खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, वय, वजन आणि पगार या बाबतीत तर अख्खं कुटुंब एका सुरात बोलतं. पण तोंड उघडलं की दात मात्र त्या माणसाने आयुष्यभर काय खाल्लं, किती घासलं आणि कुणाचं ऐकलं नाही, ते सगळं भडाभडा सांगून टाकतो. हे वाक्य थोरले दातवाले प्रत्येक पेशंटला खुर्ची मागे कलती करता करता ऐकवत. खुर्ची पुरती कलली की त्यांचं दुसरं वाक्य यायचं: "तुम्ही जो दात दाखवताय ना, तो दुखतच नाहीये."

या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा, हे विचारायची सोय नव्हती. तोवर पेशंटच्या तोंडात आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि थोरल्यांची दोन बोटं गेलेली असत.

त्यांना थोरले म्हणायचं कारण रस्त्यापलीकडे धाकटे होते. धाकटे म्हणजे थोरल्यांच्या बायकोचा भाऊ. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन दवाखाने, दोन्ही पाट्यांवर एकेक हसरी दाढ. थोरल्यांच्या दाढेला चष्मा होता. मेहुण्याच्या दाढेला हातपाय होते आणि ती उडी मारत होती. "दाढ उडी मारायला लागली की ती काढावी लागते," असं थोरले पेशंटना सांगत आणि खिडकीचा पडदा ओढून घेत.

मेहुणा दातांचं शिकला तो थोरल्यांच्या सांगण्यावरून, आणि हात बसला तोही थोरल्यांच्याच खुर्चीवर. दाढ कशी काढायची हे शिकवण्याआधी थोरल्यांनी त्याला धंद्याची रीत शिकवली होती. नव्या पेशंटने तोंड उघडलं आणि आत दुसऱ्या कुणाचं काम दिसलं, की हातातला आरसा जागच्या जागी थांबवायचा. मास्कच्या आतून एक लांब श्वास सोडायचा. मग हळू आवाजात विचारायचं, "हे कोणी केलं?"

"श्वास आधी, प्रश्न नंतर," थोरले बजावत. "आणि उत्तराची वाट बघायची नाही. उत्तराशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्या तोंडात चोरी झाली, एवढं पेशंटला कळलं की पुरे."

मेहुणा हुशार होता. त्याने रीत उचलली, आणि समोरचा गाळा रिकामा झाल्यावर तोही उचलला. नव्या दवाखान्यात पहिला पेशंट घरचाच असावा म्हणून त्याने आपल्या आईलाच खुर्चीत बसवलं. आईने तोंड उघडलं. खाली डावीकडे तीन दातांचा ब्रिज होता. मेहुण्याने निव्वळ सवयीने आरसा थांबवला, श्वास सोडला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

सासूबाई तिथून निघाल्या त्या सरळ रस्ता ओलांडून जावयाच्या दारात.

"जावईबापू, तो विचारत होता, हे कोणी केलं म्हणून. मी तुमचं नाव सांगितलं हो. काम आवडलं असेल, नाही का?"

त्या दिवसापासून थोरल्यांनी मेहुण्याशी बोलणं टाकलं. घरच्या कार्यात दोघं एका टेबलावर आले तर मधे बायकोला बसवलं जाई. "त्याला म्हणावं, मीठ इकडे दे." बायको भावाकडे वळून म्हणे, "मीठ." मेहुणा मीठ द्यायचा आणि म्हणायचा, "भावोजींना म्हणावं, ब्लडप्रेशर सांभाळा." असं सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग थोरल्यांची दाढ दुखायला लागली.

सुरुवातीला जेवताना उजवीकडे नुसती कळ आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही, तेव्हा थोरल्यांनी विषय मिटला असं धरलं. 'दुखणं आपोआप थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, दाताच्या बाबतीत गप्प बसणं हे लक्षण चांगलं नाही' अशी तंबी ते आठवड्यातून निदान एकाला तरी देत. पण ती पेशंटसाठी होती. मग कळ परत आली. या वेळी ती एकटी नव्हती. ठणका बरोबर घेऊन आली आणि दोघांनी मुक्काम ठोकला.

त्या सकाळी खुर्चीत एक बसचालक होता. जाडजूड माणूस, गाडीएवढाच आवाज. त्याची हिरडी एका जागी पांढरीफट्ट पडली होती.

"हे काय केलंत?"

"गोळी ठेवली होती, डॉक्टर. डोकेदुखीची. दुखत होतं तिथंच दाबून ठेवली रात्रभर. म्हटलं पोटात जाऊन मग दातापर्यंत येणार, त्यापेक्षा थेट सेवा."

"हिरडी म्हणजे काय टपालपेटी आहे, दिसलं भोक की टाक आत?" थोरले कडाडले. कडाडल्यावर त्यांचा स्वतःचा ठणका कानापर्यंत चढला, त्यामुळे त्यांचा आवाज आणखी चढला. "गोळी गिळायची असते. हिरडीवर ठेवली की हिरडी भाजते. आता मूळचं दुखणं आहे ते आहेच, वर ही जखम. किती दिवस दुखतंय?"

"बरेच झाले."

"आणि इतके दिवस काय केलंत?"

"गोळ्या घेतल्या. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. लवंगेचं तेल लावलं."

"गुळण्यांनी आराम पडतो, तेलाने बधीर होतं, गोळीने ठणका दबतो. पण कारण जातं का? कारण आत बसून मजा बघतं! दुखलं की दाखवायचं. स्वतःचं स्वतः ठरवायचं नाही. दुखणं वरच्या दाढेत असतं आणि कळ खालच्या दाढेत येते, खाली असतं आणि वर येते. चांगल्या चांगल्यांना समजत नाही, तुम्हाला काय समजणार?"

बसचालक एवढासा झाला. आपण इतकी वर्षं एवढी मोठी गाडी कशी काय चालवली, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटला. तो गेल्यावर थोरले आतल्या खोलीत गेले, दार लावलं, ठणक्याची एक गोळी घेतली, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि लवंगेच्या तेलाचा बोळा उजवीकडे धरून बसले.

घरी बायकोच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. ती बँकेत काउंटरवर बसायची. खोटी सही आणि खोटा चेहरा तिला दुरून ओळखू यायचा.

"अहो, तुम्ही डावीकडूनच का चावताय?"

"चावतोय कुठे? विचार करतोय."

"तोही डावीकडूनच?"

"काही झालेलं नाही मला."

"बरं. मग गाल का धरलाय?"

थोरल्यांनी गाल सोडला आणि आमटीचा गरम घोट घेतला. पुढचा थोडा वेळ ते जे बोलले त्यात शब्द नव्हते.

तसं बघितलं तर इलाज डोळ्यांसमोर होता. अक्षरशः डोळ्यांसमोर, रस्त्यापलीकडे, उडी मारणाऱ्या दाढेखाली. गावात दातांचे दवाखाने दोनच. पण त्या खुर्चीत बसायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडायचं म्हणजे तो आरसा थांबणार, तो श्वास सुटणार, आणि आपण शिकवलेला प्रश्न आपल्याच टाळूवर येऊन आदळणार. थोरल्यांनी दाढ गमवायची तयारी केली होती. ऐकून घ्यायची तयारी मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्याआधी त्यांनी हातआरसा घेतला, दिवा तोंडावर ओढला आणि आपलं तोंड पहिल्यांदाच धंद्याच्या नजरेने बघितलं. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर, इतका ठणका असूनही, समाधान पसरलं. वर उजवीकडच्या दाढेत एक जुनं फिलिंग होतं. आणि ते केलं होतं मेहुण्याने. शिकाऊ असताना, पेशंट नसलेल्या एका दुपारी, 'हात चालव माझ्यावर' असं थोरल्यांनीच म्हटलं होतं तेव्हा.

थोरल्यांनी आरसा थांबवला. लांब श्वास सोडला. "हे कोणी केलं?" त्यांनी रिकाम्या दवाखान्याला विचारलं. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग रीतसर एक्स-रे झाला. थोरल्यांनी तो उजेडात धरला आणि मदतनीस बाईंना बोलावलं.

"दिसली सावली? फिलिंगच्या खाली?"

"कुठे?"

"नीट बघा. इथे."

बाईंनी चष्मा पुसला. "हो, तुम्ही म्हणताय म्हटल्यावर दिसतेय."

"कीड. आतून पोखरलंय. फिलिंग भरण्याआधी साफच केलेलं नाही! वीस वेळा सांगितलं असेल त्याला. आणा ते भुलीचं इंजेक्शन."

"कुणाला द्यायचंय?"

"मला."

"आणि देणार कोण?"

"मीच."

बाईंनी दाराला आतून कडी घातली. पुढे जे होणार होतं ते कुणी बघू नये, इतकं त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

स्वतःच्या दाढेचं काम स्वतः करणं हे वेड आहे, हे थोरल्यांना माहीत होतं. पण वरच्या दाढांचं काम दंतवैद्य आरशात बघूनच करतो; ज्याचं आयुष्य आरशात गेलं त्याला स्वतःचं तोंड काय परकं, असा त्यांनी हिशोब मांडला. त्यांनी वरच्या हिरडीत सुई घातली. पाच-दहा मिनिटांत वरचा ओठ, गाल, दाढ सगळं बधीर झालं. ठणका मात्र होता तसाच चालू राहिला.

याचा अर्थ दातांच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी नापास झालेल्या मुलालाही कळला असता. वरची दाढ बधीर असूनही दुखतंय, म्हणजे दुखणं वरच्या दाढेत नाही. थोरल्यांनी अर्थ असा लावला की इंजेक्शनचा माल हलका आहे.

"कंपनी बदलायला हवी," ते अर्ध्या तोंडाने म्हणाले आणि ड्रिल उचललं.

बाईंनी नळी धरली, डोळे मिटले आणि आवाजावरून अंदाज घेत राहिल्या. मेहुण्याचं फिलिंग निघता निघेना. असं फिलिंग एरवी थोरल्यांनी विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलं असतं. शेवटी ते निघालं आणि खाली दात दिसला. स्वच्छ, टणक, कोरा करकरीत. कीड सोडा, डागसुद्धा नाही. थोरल्यांनी आरसा जवळ नेला, लांब नेला, पुसला. दात स्वच्छच राहिला.

इथे थांबता आलं असतं. पण थांबणं म्हणजे त्या पोराने आपल्या तोंडात इतकी वर्षं टिकलेलं, बिनतोड काम केलं हे मान्य करणं. "खोल असणार," थोरले म्हणाले आणि खोल गेले. आणखी खोल गेले. दातातल्या नसेच्या भिंतीशी पोचल्यावर त्यांच्यातला दंतवैद्य कसाबसा जागा झाला आणि त्याने त्यांच्यातल्या भावोजींचा हात धरला. त्यांनी भोकात तात्पुरतं सिमेंट कोंबलं आणि ड्रिल खाली ठेवलं.

"निघाली का कीड?" बाईंनी डोळे उघडत विचारलं.

"बरीचशी," थोरले म्हणाले.

भूल उतरल्यावर दोन ठिकाणी दुखायला लागलं. एक जुनं दुखणं, आणि एक स्वतः केलेलं. सकाळी उठले तर उजवा जबडा खालून सुजून वर आला होता. बायको उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"तुम्ही तर म्हणत होता वरची दाढ."

"वरचीच आहे. सूज खाली उतरते."

"सूज काय, जिना उतरते?"

"तुला यातलं समजत नाही."

"मला सूज समजते. मी भावाला फोन केलाय."

थोरल्यांच्या हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. "काय सांगितलंस?"

"सांगितलं, एक पेशंट आहे. वयस्कर आहे, हट्टी आहे, सुईला घाबरत नाही पण माणसाला घाबरतो."

"नाव नाही ना सांगितलंस?"

"नाही."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, भावोजींना सांग दुपारी या, तेव्हा गर्दी नसते."

थोरल्यांनी त्या दुपारी तो रस्ता मेहुण्याच्या दिशेने पहिल्यांदाच ओलांडला. तोंडाला रुमाल, मान खाली. औषधाच्या दुकानदाराने हातातलं गिऱ्हाईक सोडून बघितलं. आपल्याच दवाखान्याच्या खिडकीतून मदतनीस बाई बघत होत्या. त्यांनी हलकेच पडदा ओढून घेतला, हे मात्र थोरल्यांना लागलं.

गर्दी नव्हती हे खरं. बाकावर फक्त बसचालक होता.

"डॉक्टर? तुम्ही इकडे?"

"सहज," थोरले रुमालातून म्हणाले.

"मीपण सहजच आलोय," बसचालक घाईघाईने म्हणाला, आणि दोघंही समोरच्या भिंतीवरचं 'दिवसातून दोनदा ब्रश, मऊ ब्रश, आणि रात्री फ्लॉस' हे चित्र मन लावून वाचत बसले.

मेहुणा दारात आला. केस पांढरे झाले होते. थोरल्यांना तो अजून शिकाऊच वाटत असे, त्यामुळे त्या केसांनी त्यांना जरा फसवल्यासारखं झालं.

"या भावोजी. बसा. पाय वर घ्या."

खुर्ची मागे कलली. छत दिसलं. इतकी वर्षं माणसांना असं आडवं करताना, आडव्या माणसाला काय दिसतं हे थोरल्यांनी कधी बघितलं नव्हतं. दिसतं ते फक्त छत, आणि समोरच्याच्या नाकपुड्या.

"शेवटचं कधी दाखवलं होतं दाताला?"

थोरल्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "तुलाच. ते फिलिंग केलंस तेव्हा."

"त्यानंतर नाही?"

"मी स्वतः दंतवैद्य आहे."

"हो, ते आहेच. हिरड्यांतून रक्त येतं का घासताना?"

"कधीतरी. जोरात घासलं तर."

"जोरात का घासता?"

थोरले गप्प. हा प्रश्न तेही विचारत, आणि पेशंट असाच गप्प बसे.

"फ्लॉस करता?"

"रोज."

मेहुण्याने मान न उचलता काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते थोरल्यांना न बघता कळलं. तेही 'रोज' ऐकलं की 'कधीच नाही' असंच लिहीत.

"दाखवा, कुठे दुखतंय?"

थोरल्यांनी वरच्या दाढेकडे बोट नेलं. मग, आयुष्यभर ऐकवलेलं वाक्य आता ऐकावं लागणार, या अंदाजाने डोळे मिटून घेतले. मेहुणा काही बोलला नाही. आरसा आत गेला. वर उजवीकडे गेला.

आणि थांबला.

थोरल्यांनी श्वासाची वाट बघितली. ज्या प्रश्नामुळे सासूबाईंपासून मिठापर्यंत सगळं घडलं होतं, तो आता येणार होता, आणि या वेळी त्याचं उत्तर थोरले स्वतः होते. ताजं सिमेंट, वाकडीतिकडी कड, नसेपर्यंत गेलेलं भोक. असं काम त्यांनी एखाद्या शिकाऊचं बघितलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं.

श्वास आला नाही. प्रश्नही आला नाही. "बरं," एवढंच मेहुणा म्हणाला. अगदी मऊ, अगदी अदबीने. थोरल्यांना वाटलं, यापेक्षा त्याने विचारलं असतं तर बरं. विचारलं असतं तर भांडता आलं असतं. या 'बरं'शी कसं भांडायचं?

त्यांनी मेहुण्याच्या मनगटाला हात लावून आरसा बाहेर काढायला लावला.

"मी उघडलं ते," ते म्हणाले. "काल. आरशात बघून."

"दिसलं ते."

"तुझं फिलिंग होतं. मला वाटलं, खाली कीड असणार."

"होती?"

बाहेर बसचालक खोकला.

"नाही," थोरले म्हणाले. "काहीच नव्हतं. स्वच्छ होतं. काम चांगलं होतं तुझं."

मेहुण्याने मास्क खाली केला, काहीतरी बोलायला म्हणून. मग विचार बदलून तो परत वर केला. "आ करा," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, पण हात नेहमीचाच होता. त्याने वरची दाढ ठोकून बघितली, खालच्या ठोकून बघितल्या, मग पातळ सळई घेऊन खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या मधल्या हिरडीत हलकेच सरकवली.

थोरल्यांचे दोन्ही पाय खुर्चीवरून उचलले गेले.

"हं. इथे आहे," मेहुणा म्हणाला. "दात ठणठणीत आहेत, भावोजी. खालचेही, वरचेही. म्हणजे, वरचा होता. वरच्याचं आता रूट कॅनाल करावं लागेल, ते निवांत करू. हे हिरडीचं आहे. आत काहीतरी अडकून बसलंय, बरेच दिवस. त्याभोवती पू झालाय."

त्याने भूल दिली, आणि या वेळी ठणका बघता बघता विरला. आठवड्याभरात पहिल्यांदाच डोक्याची उजवी बाजू स्वतःच्या मालकीची वाटली. पू वाहून गेला, जागा धुतली गेली. मग मेहुण्याने बारीक चिमटा आत घातला, काहीतरी पकडलं, अलगद ओढलं आणि पांढऱ्या गॉजच्या तुकड्यावर ठेवून दिव्याखाली धरलं. थोरले कोपरावर उठून बसले. दोघांनी चष्मे सारखे केले आणि डोकी जवळ आणून बघितलं.

मक्याच्या लाहीचं टरफल होतं.